अमेरिकेंतील स्वयंपाकघर व विजेचे नियम

पदार्थविज्ञानाच्या तासास ओहमचा नियम शिकवितांना आम्ही नेहमी सांगतों कीं, हा नियम मुंबईस व मॉस्कोस सारखाच लागू आहे. विजेसंबंधीं मनुष्यानें केलेल्या नियमांची गोष्ट मात्र तशी नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जो प्लग-पॉइंट एका गांवीं चालतो, तोच शेजारच्या गांवीं मना असूं शकतो. आपल्या कित्येकांचे आप्त तिकडे संसार थाटून आहेत. तेव्हां असें कां होतें हें पाहणें उपयुक्त होईल.

'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड' ही तेथील नियमावली १८९७ सालीं प्रथम निघाली. १९११ पासून 'नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन' ही संस्था ती प्रसिद्ध करीत आली असून दर तीन वर्षांनीं तिची सुधारलेली आवृत्ति निघते. नांव राष्ट्रीय असलें तरी संस्था सरकारी नव्हे, आणि पुस्तक छापलें म्हणून कायदा झाला असेंहि नव्हे. एखादें राज्य, परगणा किंवा शहर ती स्वीकारील तेव्हांच ती तेथें लागू होते. स्वीकारतांना त्यास कलमें वाढवितां येतात व गाळतांहि येतात.

स्वयंपाकघरासाठीं वेगळे नियम कां, हें थोड्या गणितानें कळेल. तिकडे साध्या प्लगास १२० व्होल्टांचा दाब मिळतो, आपल्याकडे २३०. पंधराशें वॅटची किटली आपल्याकडे साडेसहा अँपियर प्रवाह घेते. तीच शक्ति तिकडे मिळवावयाची तर साडेबारा अँपियर लागतात. शेजारीं हजार वॅटचा टोस्टर लावला कीं आणखी सुमारें सव्वाआठ. बेरीज विसांच्या पुढें गेली! प्रवाह दुप्पट झाल्यास तारेंतील उष्णता चौपट होते, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. म्हणून ओट्यावरील उपकरणांसाठीं वीस अँपियरचीं निदान दोन स्वतंत्र सर्किटें असावींत, व भिंतीलगतच्या ओट्यावरील कोणतीहि जागा पॉइंटापासून २४ इंचांहून दूर नसावी, असें ही नियमावली सांगते. १९८७ च्या आवृत्तीनें भांडीं धुण्याच्या सिंकजवळच्या पॉइंटांस विजेची गळती ओळखणारें उपकरण सक्तीचें केलें व १९९६ च्या आवृत्तीनें तें ओट्यावरील सर्व पॉइंटांस लागू केलें. आपल्याकडील आर. सी. सी. बी.च्याच जातीचें हें उपकरण. गेलेला व परतलेला प्रवाह यांत अँपियरच्या सुमारें दोनशेंव्या भागाइतका फरक पडतांच तें वीज तोडतें.

सर्वांत बोधप्रद उदाहरण मधल्या ओट्याचें आहे. तिकडे स्वयंपाकघराच्या मधोमध एक सुटा ओटा बांधण्याची चाल आहे. २०२० च्या आवृत्तीप्रमाणें त्यास निदान एक पॉइंट पाहिजेच, आणि तो ओट्याच्या बाजूस, पृष्ठभागाखालीं बारा इंचांपर्यंत बसविला तरी चाले. सोय उत्तम, पण त्यामुळें किटलीची किंवा विजेच्या भांड्याची दोरी बाहेरून खालीं लोंबूं लागली. नुकतेंच उभें राहूं लागलेलें मूल अशा दोरीचें काय करतें, हें कोणत्याहि आईस विचारावें. दोरी ओढली जाई व उकळतें पाणी मुलाच्या अंगावर येई. अशा अपघातांमुळें २०२३ च्या आवृत्तीनें पृष्ठभागाखालचा पॉइंट वर्ज्य केला, व मधल्या ओट्यास पॉइंट हवाच ही सक्तीहि काढली. मात्र पुढें बसवावयाचा झाल्यास त्याची तजवीज करून ठेवावी असें सांगितलें. म्हणजे ज्या गांवीं २०२० ची आवृत्ति चालू असेल तेथें बाजूचा पॉइंट कायदेशीर, आणि जेथें २०२३ ची जशीच्या तशी स्वीकारली तेथें तोच बेकायदेशीर. मूल दोन्हीं गांवीं सारखेंच.

शिकागोची तऱ्हा निराळी. देशांत बहुतेक ठिकाणीं घराच्या भिंतींतून प्लास्टिकच्या वेष्टणांतील तारा तशाच नेण्यास मुभा आहे. शिकागोंत मात्र घरांतहि त्या धातूच्या नळींतून न्याव्या लागतात. खर्च अधिक येतो. पण ठोकलेला खिळा किंवा उंदराचा दांत तारेपर्यंत सहसा पोहोंचत नाहीं, व भिंत न फोडतां जुनी तार ओढून नवी घालतां येते. कॅलिफोर्नियांत सबंध राज्यास एक नियमावली आहे. घरांच्या बाबतींत २०२५ पर्यंत शहरांस ती अधिक कडक करतां येत असे, परंतु स्थानिक हवामान, भूरचना किंवा भूस्तर यांचें कारण दाखवून.

असा भेद आम्हांस समजण्याजोगा वाटतो. परंतु नवी आवृत्ति स्वीकारण्याचें काम कचेरींत वर्षानुवर्षें पडून राहावें, किंवा बांधकाम महाग होतें म्हणून संरक्षक कलमच गाळावें, हें आम्हांस पटत नाहीं. कांहीं राज्यांनीं तेंहि केलें आहे.

पालकांसाठीं एक व्यावहारिक गोष्ट. नवा नियम झाला म्हणून जुन्या घरांतील तारा लगेच बदलाव्या लागत नाहींत; सामान्यतः घर बांधलें त्या वेळचे नियम त्यास पुरतात. परंतु स्वयंपाकघर नव्यानें करावयास काढलें कीं परवाना घ्यावा लागतो, व नव्या कामास त्या गांवीं चालू असलेले नियम लागू होतात. यास्तव ज्यांचीं मुलें तिकडे घर घेत आहेत, त्यांनीं त्यांस नगर-कचेरींत दोन प्रश्न विचारावयास सांगावें: येथें कोणत्या सालची आवृत्ति चालते, आणि गांवानें तींत कोणते फेरफार केले आहेत? ओट्याचा दगड बसवून झाल्यावर तपासनिसानें पॉइंट अमान्य केला, तर खालचें कपाट उखडण्याची पाळी येऊं शकते.