हात दाखवतो, ते तोंडाने सांगा

कल्याणशेजारी उल्हासनगर आहे. तिथल्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. संगणक पुस्तक वाचून दाखवी, त्या ऐकत. केंद्रीय लोकसेवा परीक्षेच्या 2017 मध्ये लागलेल्या निकालात त्यांचा 124 वा क्रमांक आला. ऐकून माणूस इतके शिकतो!

पण ऐकायलाच काही नसले तर?

ताई, तुम्ही मोदकांचा व्हिडिओ करता. "इतकं पाणी घ्या," म्हणता. इतकं म्हणजे किती? ज्याला दिसत नाही, तो तिथेच अडतो. म्हणून सांगा, "एक वाटी पिठी, एक वाटी पाणी." पडद्यावरची अक्षरे मोठी काढा. तीही वाचून दाखवा. सांगताना गाणे बंद ठेवा.

मग डोळे मिटा. आपलाच व्हिडिओ ऐका. मोदक जमेल का? जमेल, तर व्हिडिओ सर्वांचा झाला.