जंतूचीही वंशावळ असते

आमच्या राहुरीत गाईचं रक्त विचारल्याशिवाय सौदा होत नाही. कृषी विद्यापीठानं ‘फुले त्रिवेणी’ घडवल्यापासून निम्मं होल्स्टिन, पाव जर्सी, पाव गीर हा हिशेब पोरासोरांनाही पाठ. दोन वर्षांपूर्वी बाजारातून गाय आणली तेव्हा मीही कितवं वेत ते विचारलं, दूध विचारलं, तिच्या आईचंही दूध विचारलं. तिच्या रक्तात आणखी कोण मुक्कामाला आहे, ते मात्र विचारलं नाही.

नवी गाय ठणठणीत होती. आल्या आठवड्यातच आम्ही घरच्या घरी सगळ्या गाईंना ताकदीची इंजेक्शनं टोचली. सुई एकच. पाच आठवड्यांनी आमच्या चांदीनं वैरण टाकली. ही गाय जन्मात गोठ्याबाहेर गेलेली नव्हती. अंग तापलेलं, शेण खडखडीत. मी म्हटलं, गोचीड ताप. त्याच्या आदल्या साली कपिलेला लाल लघवी झाली तेव्हाचं औषध लक्षात होतं, तेच टोचलं. तीन दिवस त्यात गेले. चौथ्या दिवशी पापणी उलटून पाहिली, तर आतून पांढरीफटक, वर पिवळी झाक. लघवी मात्र स्वच्छ.

डॉक्टरांनी कानाच्या शिरेतलं रक्त काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकात मलाही दाखवलं. तांबड्या पेशीच्या अगदी कडेला एक गडद ठिपका. ॲनाप्लाझ्मा मार्जिनाले. अर्नोल्ड थायलर यांनी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत तो ओळखला. कडेला बसतो म्हणून ‘मार्जिनाले’. लाल लघवीचा बबेसिया आणि गाठी सुजवणारा थायलेरिया हे एकपेशीय परजीवी, हा जीवाणू. आम्ही तिघांनाही गोचीड तापच म्हणतो, पण औषधं तिघांची निराळी. ऑक्सिटेट्रासायक्लिन सुरू झालं तोवर रक्त फार उतरलं होतं. चांदी गेली.

नव्या गाईला काहीच झालेलं नव्हतं, पण पीसीआर तपासणीत तिच्याही रक्तात हाच जंतू निघाला. डॉक्टर म्हणाले, बरी झालेली गाय जन्मभर वाहक राहू शकते, कारण हा जंतू अंगावरची प्रथिनं बदलत राहतो. शिवाय त्याचे वाण अनेक. त्याच्या एका जनुकात एकच तुकडा पुन्हापुन्हा येतो. वाणागणिक त्याची संख्या वेगळी, क्रम वेगळा. कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावरून आपण गाय ओळखतो, तसे शास्त्रज्ञ त्यावरून वाण ओळखतात. एका वाणाशी झुंजलेलं अंग दुसऱ्याला पुरतं आवरेलच असं नाही. सगळ्यांना पुरेल अशी लस करणं म्हणूनच अवघड.

चांदीपर्यंत तो गोचिडानं पोचला, चावऱ्या माशीनं की सुईनं, हे कळायला मार्ग नाही. पण सुई आमच्या हातात होती.

म्हणून सांगते. नवं जनावर दीड-दोन महिने वेगळं बांधा आणि त्याचं रक्त तपासून घ्या. वाहक गाईत जंतू इतके थोडे असतात की काचेवर सहसा दिसत नाहीत, तेव्हा पीसीआरचं विचारा. दर जनावराला नवी सुई; शिंगं काढायची, बिल्ला मारायची हत्यारंही निर्जंतुक करून घ्या. ताप दिसला की औषधाआधी रक्तनमुना. गोचीड मादी दोन-तीन हजार अंडी घालते, तीही गाईवर नव्हे तर जमिनीवर, भिंतीच्या फटींत. फटी लिंपा, फवारणीचं औषध आणि माप डॉक्टरांकडून घ्या.

आणखी एक. मी गोचीड नखानं चिरडायची. हा ॲनाप्लाझ्मा माणसाला होत नाही. पण कुत्र्यावरच्या गोचिडातून रिकेट्सिया कोनोराय हा जीवाणू येऊ शकतो. त्याच्या आपल्याकडच्या वाणाचं नावच ‘इंडिका’. ताप, डोकेदुखी, तळहात-तळपायांपर्यंत पुरळ. वेळेत डॉक्सिसायक्लिन मिळालं तर माणूस बरा होतो, पण डॉक्टरांना गोठ्याचं आणि गोचिडाचं आपणच सांगायला हवं. गोचीड चिमट्यानं काढा.

नवी गाय आजही आमच्या दावणीला आहे. तिला सगळ्यांत शेवटी टोचतो, आणि ती सुई मी स्वतः डब्यात टाकते.