सायटेशन मोजून शास्त्रज्ञ कळतो का?

प्रश्न : माझी पुतणी पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करते. अमक्या सरांचा एच-इंडेक्स किती, तमक्या मॅडमची सायटेशन किती, एवढंच तिच्या तोंडी असतं. रानावनात फिरणाऱ्या माणसाचं काम असं आकड्यांत मोजता येतं का?
– एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : मोजता येतं, पण त्यातलं थोडंच. एखाद्याने आपल्या शोधनिबंधाच्या संदर्भयादीत दुसऱ्याचा निबंध नोंदवला, की त्या दुसऱ्याच्या खात्यावर एक सायटेशन जमा होतं. अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली अशी सूची छापली, ती जुनं संशोधन पटकन सापडावं म्हणून. माणसं तोलायला ती पुढे वापरात आली. एच-इंडेक्स तर २००५ सालचा, होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाचा. ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० सायटेशन आहेत, त्याचा एच-इंडेक्स किमान २०. एकाच निबंधाला दोन हजार आणि बाकीच्यांना शून्य असेल, तर इंडेक्स फक्त १.

आता पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचं उदाहरण घ्या. १९६९ साली ते हार्वर्डमधून पीएच.डी. झाले आणि १९७० साली विल्यम बॉसर्ट यांच्यासोबत त्यांचा एक निबंध ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’ या नियतकालिकात आला. त्यातला प्रश्न तुमच्या बांधावरही दिसेल. घायपात वर्षानुवर्षं नुसतं वाढतं, मग एकदाच उंच दांडा काढून फुलतं आणि मरून जातं. शेजारचा कडुनिंब मात्र दरवर्षी फुलतो. असं का? मिळालेलं अन्न वाढीवर, तगून राहण्यावर आणि पुनरुत्पादनावर कसं वाटायचं, याचा हिशेब परिस्थितीनुसार बदलतो आणि निसर्गनिवडीत जो फायद्याचा ठरतो तो टिकतो, हे त्यांनी गणिताने मांडलं. हा हिशेब मासे, पक्षी, गवत, सगळ्यांनाच लागू पडतो. म्हणून अर्धशतक उलटलं तरी जगभरचे अभ्यासक तो निबंध संदर्भाला घेतात.

पण विषय कोणता, यावरही आकडा ठरतो. लोणारचं विवर उल्कापाताने बेसॉल्ट खडकात पडलं, हे १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. चंद्रावरचे काळसर सपाट भागही बेसॉल्टचेच, त्यामुळे चंद्र-मंगळाच्या अभ्यासकांनाही लोणारकडे वळावं लागतं. उलट, ज्ञानगंगा अभयारण्यातली झुडपं कुणी दहा वर्षं नेटाने नोंदवली, तर त्या नोंदींची गरज पडणारे जगात मोजकेच. तिथे सायटेशन कमी पडली, म्हणून मेहनत कमी पडली असं होत नाही.

गाडगीळ १९७१ साली भारतात परतले. वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तकांबरोबर त्यांनी सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळल्या. देवाच्या नावाने गावांनी राखलेल्या या रानांवरचा दोघांचा निबंध १९७६ सालचा. १९७३ पासून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी तीन दशकं काढली. बर्क्स आणि फोल्के या अभ्यासकांसह १९९३ साली त्यांनी लोकांच्या पारंपरिक ज्ञानावर लिहिलं, तेही जगभर उद्धृत झालं. इथवर आकडे त्यांच्या बाजूने बोलतात.

पुढचं काम मात्र आकड्यांत मावत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या मसुद्यात त्यांचा वाटा होता. या कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि गावातली झाडं, जनावरं, बियाणं, औषधी माहिती तिने लोक जैवविविधता नोंदवहीत लिहायची असते. कायद्याच्या कलमातून कुणाचा एच-इंडेक्स वाढत नाही. गाडगीळांनी मराठीत भरपूर लिहिलं, त्याचीही दखल या सूच्यांत जवळजवळ नाही.

पुतणीला एवढं सांगा : आकडा बघायचाच, तर एकाच विषयातल्या आणि साधारण एकाच वयाच्या दोघांचा बघावा, तोही एकाच सूचीतून. गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सूच्या एकाच माणसाचे तीन वेगळे आकडे देतात. त्यानंतर सरांचे दोन-तीन निबंध स्वतः वाचावेत. तुम्ही ग्रामपंचायतीत जाऊन गावची नोंदवही मागा. ती म्हाताऱ्या गुराख्यांना, वैदूंना विचारून भरली की कचेरीत बसून, हे तुम्हाला पहिल्या चार पानांतच कळेल. ती पारख कुठल्याही इंडेक्सला जमणार नाही.