एका फाइलीचे दोन धनी

संगणकावरील खेळांत ‘मॉड’ म्हणजे मूळ खेळात फेरफार करण्याकरिता हौशी मंडळींनी रचलेली पुरवणी होय. एखादी पुरवणी बहुधा सुखाने नांदते. दहा घातल्या की कधी कधी खेळच उघडेनासा होतो, आणि घरची वडील माणसे संगणक बिघडला असे समजून तो दुरुस्तीस धाडतात. वास्तविक यंत्र धडधाकट असते. दोन पुरवण्यांनी एकाच फाइलीवर हक्क सांगितलेला असतो.

उदाहरणादाखल ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ घेऊ. एरिक बॅरोन या एकट्या गृहस्थाने रचलेला हा खेळ २०१६ साली प्रसिद्ध झाला. जमीन खणणे, पेरणे, मासे धरणे हा त्यातील व्यवसाय. तेव्हा रत्नागिरीच्या मुलांस तो परका वाटू नये.

पूर्वी याचे पुष्कळ मॉड मूळ फाइल दूर सारून तिच्या जागी आपली बसवीत. येथे शाळेच्या वेळापत्रकाचा दाखला उपयोगी पडेल. एका शिक्षकाने मंगळवारचा तिसरा तास बदलला, दुसऱ्याने शुक्रवारचा पहिला. दोघांत भांडण मुळीच नाही. परंतु प्रत्येकाने अख्खा तक्ता नव्याने लिहून भिंतीवर डकविला, तर मागाहून डकविलेलाच दिसणार, आणि मंगळवारचा बदल कोणी न खोडता नाहीसा होणार!

यावर ‘स्मॅपी’ व ‘कंटेंट पॅचर’ या साधनांनी तोड काढली. प्रत्येक मॉड स्वतंत्र फोल्डरात राहतो, मूळ फाइलीस हात लागत नाही, आणि खेळ चालू असता हवा तेवढाच रकाना बदलतो. पार्सनिप या कंदाची मूळ किंमत ३५. एका मॉडाने ती ५० केली व दुसऱ्याने केवळ वर्णन बदलले, तर दोन्ही बदल टिकतात. दोघांनीही किंमतच बदलली, तर मागाहून लागू होणारा जिंकतो. मात्र दोन मॉड घराचा समग्र नकाशाच आपला बसवू पाहतील, तर स्मॅपी सामान्यतः दोघांसही नाकारून मूळ नकाशा ठेवते व तशी नोंद करते. ती नोंद वाचण्याचा कंटाळा करणारे विद्यार्थीच फार. आमच्या मते अर्धे उत्तर तीतच असते.

मॉडाने दिलेल्या वस्तू जतन केलेल्या खेळातही नोंदल्या जातात. मॉड काढताच त्या निरुपयोगी होतात. म्हणून महिनोन्‌महिने जोपासलेल्या शेताची प्रत आधी निराळी ठेवावी. नंतर निम्म्या फोल्डरांच्या नावापूर्वी टिंब द्यावे. स्मॅपी त्यांस वगळते. दोष थांबला, तर तंटेखोरांपैकी निदान एक त्या निम्म्यांत आहे. पुन्हा त्यातील निम्मे तपासावे. तंटा दोघांचा असल्यामुळे, एक सापडला की तो चालू ठेवून दुसरा उरलेल्यांत याच रीतीने शोधावा.