ओव्हनचे घड्याळ मागे का पडते?

जुन्या विजेच्या ओव्हनवरील घड्याळात बहुधा समकालिक मोटर असते. प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाची जितकी आवर्तने होतात, त्या प्रमाणात काटे पुढे सरकतात. भारतात सेकंदास 50 आवर्तने होतात, अमेरिकेत 60. म्हणून अमेरिकेहून दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर आणलेल्या अशा ओव्हनचे घड्याळ तासाला 10 मिनिटे मागे पडेल. 60 मिनिटांसाठी लावलेला पाव 72 मिनिटे भाजून करपेल. हा बिघाड नव्हे. रोहित्राने व्होल्ट बदलतात, आवर्तने नव्हेत. तेव्हा 60 मिनिटे हवी असल्यास काटा 50 वर लावावा. चूक अनियमित असेल, तर दंतचक्रांतील वाळलेले वंगण हे कारण संभवते. मात्र तपासणीपूर्वी मुख्य स्विच अवश्य बंद करावा.