अन्न कशानें बाधतें?

लग्नसराई आली म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतून एक गोष्ट दर वर्षीं घडते. रात्रीं पंगती उठतात. उरलेला भात व खीर पातेल्यांत झांकून ठेवितात. आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं तेंच अन्न मुलांस वाढितात. तिसऱ्या प्रहरीं मुलें ओकूं लागतात, जुलाब सुरू होतात, आणि घरची आजी मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढूं लागते. अशाच एका घरीं आम्ही पोंचलों, तेव्हां एक दिवस लोटला होता. दोन वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर निपचित पडली होती. तिचे डोळे खोल गेले होते. आई म्हणाली, "पाळकसाहेब, खिरीला वास नव्हता. मी चाखून पाहिली, वर उकळूनही घेतली." त्या माउलीचे हे शब्द आम्हांस विसरतां येत नाहींत, कारण पुष्कळ घरांची चूक ह्याच शब्दांत आहे.

सर्वच जंतू आपले वैरी नव्हेत. दुधाचें दहीं करणारेही जंतूच होत. आपल्या आतड्यांत असंख्य जंतू राहतात, व त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. सन १८८५ मध्यें थिओडोर एशेरिक ह्या वैद्यानें बालकांच्या मळांत जो जंतू शोधून काढिला, त्यास आतां ई. कोलाय म्हणतात. त्याच्याही बहुतेक जाती बाधत नाहींत. कांहीं थोड्या मात्र रक्ताचे जुलाब करितात. साल्मोनेला नांवाचे जंतू कोंबड्यांच्या व गुरांच्या आतड्यांत असतात, आणि कच्च्या मांसावाटे व अंड्यांवाटे स्वयंपाकघरांत येतात.

ऊब व ओलावा मिळाला म्हणजे कित्येक जंतू सुमारें २० मिनिटांत दुप्पट होतात. ह्या हिशेबानें एका जंतूचे एका तासांत ८ होतात, आणि ७ तासांत २० लाखांहून अधिक! इतकें होऊनही अन्नाचा रंग, वास व चव पुष्कळदां बदलत नाहीं. म्हणून नाक व जीभ हे भरंवशाचे पहारेकरी नव्हेत.

मग उकळल्यानें भागत नाहीं काय? उकळल्यानें बहुतेक जंतू मरतात, परंतु त्यांनीं सोडलेलें विष नेहमीं नाहींसें होत नाहीं. बॅसिलस सिरियस ह्या जंतूचे बीजाणु भात शिजला तरी जिवंत राहतात, आणि भात कोमट राहिला कीं वाढून विष करितात. वाढणाऱ्याच्या पिकलेल्या बोटांतून स्टॅफिलोकॉकस जंतू खिरींत पडतात. ह्या दोहोंचें ओकारी आणणारें विष उकळीसही दाद देत नाहीं.

ह्यास्तव जागतिक आरोग्य संघटनेनें सन २००१ मध्यें पांच नियम प्रसिद्ध केले. ते आपल्या घरांस लावून पाहूं.

पहिला नियम स्वच्छतेचा. शौचाहून आल्यावर, मुलाचा मळ काढल्यावर, तसेंच स्वयंपाकापूर्वीं व जेवणापूर्वीं हात साबणानें धुवावे. बोटांवर नुसतें पाणी घेणें म्हणजे धुणें नव्हे. ज्याचें बोट पिकलें आहे किंवा ज्यास जुलाब होत आहेत, त्यानें रांधूं नये व वाढूंही नये.

दुसरा, कच्चें व शिजलेलें वेगळें ठेवावें. ज्या विळीवर मांस चिरलें, तिच्यावर न धुतां कांदा व कोथिंबीर चिरूं नये.

तिसरा, अन्न आंतपर्यंत शिजवावें. मध्यभागीं ७० अंश उष्णता पोंचली पाहिजे. रस्सा खळखळून उकळावा, व मांसाचा रस तांबूस दिसूं नये.

चौथा, शिजलेलें अन्न दोन तासांहून अधिक कोमट राहूं देऊं नये. तें ६० अंशांच्या वर गरम असावें, अथवा ५ अंशांच्या खालीं थंड. ज्यांच्या घरीं फ्रीज नाहीं त्यांनीं लागेल तेवढेंच रांधावें. अन्न टाकणें गरिबास पाप वाटतें, आणि तें वाटणें योग्यच आहे. परंतु त्याचा उपाय कमी रांधणें हा होय, शिळें खाणें नव्हे. कोरडी भाकरी त्या मानानें टिकते. भात, खीर, वरण व मांस टिकत नाहीं. पंगतीचें उरलेलें अन्न गरम आहे तोंच वांटून टाकावें. दुसऱ्या दिवशीं तें गरिबाच्या पदरीं घालणें हें दान नव्हे.

पांचवा, पाणी निर्धोक असावें. विहिरीविषयीं संशय असल्यास तें उकळावें, आणि माठांत हात न बुडवितां ओगराळ्यानें काढावें.

इतकेंही करून दुखणें आलेंच, तर पाणी तोडूं नये. सन १९७१ मध्यें बांगलादेशांतून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली असतां, बंगालांतील बनगांव येथें डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेलें पाणी पाजून पुष्कळ प्राण वांचविले. दवाखान्यांतील पुडी न मिळाल्यास, उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडें थोडें पाजावें. तान्ह्याचें अंगावरचें दूध बंद करूं नये. मळांत रक्त दिसलें, लघवी थांबली, डोळे खोल गेले किंवा मूल सुस्तावलें, तर क्षणाचाही विलंब न करतां दवाखाना गांठावा.

त्या घरीं मुलीस पाणी देणें बंद केलें होतें. पाण्यानें जुलाब वाढतात, अशी त्यांची समजूत होती. आम्ही तिला बैलगाडींतून सडकेवर व तेथून मोटारीनें दवाखान्यांत नेलें, आणि ती वांचली. आणखी अर्धा दिवस गेला असता, तर काय झालें असतें हें डॉक्टरांनीं आम्हांस सांगितलें. तें आम्हीं तिच्या आईस सांगितलें नाहीं. शिक्षकबंधूंनो, येत्या लग्नसराईपूर्वीं हा लेख आपल्या गांवीं घरोघर वाचून दाखवा, आणि जेथें चुली पेटतात तेथें आयाबहिणींजवळ बसून दाखवा.