घड्याळ एक तास पुढे : परदेशस्थ रुग्णांची दिनचर्या

ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे १ वाजता घड्याळे १ तास पुढे करतात. लंडनचा सूर्यास्त त्यामुळे सुमारे साडेसहाऐवजी साडेसातला होतो. दूरध्वनीवरून सल्ला घेणारे तेथील मराठी रुग्ण ही लांबलेली संध्याकाळ फिरण्यात घालवतात. वसंतात व्यायाम विहितच असल्याने आम्हांस हे स्वागतार्ह वाटते. अडचण निद्रेची आहे. तासभर झोप बुडते, दुपारी पेंग येते आणि कफप्रकोपाच्या ऋतूत दिवास्वाप घडतो. जागरण झाल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी, काही न खाता झोपावे, असे वाग्भटाचार्य सांगतात. म्हणजे येथे अर्धा तास पुरे. त्याहून बरा पादांशिक क्रम. आधीचे चार दिवस भोजन व शयन रोज १५ मिनिटे अलीकडे आणावे. पुढे जूनअखेर लंडनला सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, तेव्हा ‘सूर्यास्ताच्या सुमारास जेवा’ हा आपला नेहमीचा सल्ला तेथे अपायकारकच ठरेल. निजण्यापूर्वी किती वेळ आधी जेवावे, ते सांगावे. औषधालय-चालकांनीही अशा रुग्णांच्या पाकिटांवर ‘रात्री ८’ असे न लिहिता ‘भोजनापूर्वी’, ‘निजताना’ असे भैषज्यकालच लिहावेत.